८० फुटांवरचा मासा स्क्रीनवर दिसतो, जिगकडे मात्र ढुंकून बघत नाही (लेक ट्राउट, छोटी बोट)

सिंहगडरोडकर:
नमस्कार मंडळी, प्रश्न जरा पुण्याबाहेरचा आहे, म्हणजे फारच बाहेरचा, पण इथे बोटीवरून मासे धरणारे पण आहेत आणि तिकडे जाऊन राहिलेले पण आहेत म्हणून विचारतोय. माझा मोठा भाऊ कॅनडात असतो, ऑन्टारिओत. टोरांटोपासून अडीच-तीन तासांवर हॅलिबर्टन म्हणून नुसत्या तलावांचाच भाग आहे तिथे ते लोक दर ऑगस्टला आठवडाभर कॉटेज घेतात, सोबत १४ फुटी अॅल्युमिनियमची बोट मिळते, मागे ९.९ हॉर्सपॉवरची मोटर. गेल्या वर्षी मी पण गेलो होतो. तलावात लेक ट्राउट आहे आणि उन्हाळ्यात तो खोल असतो, जिगिंग करावं लागतं (म्हणजे जिग, वजनदार नकली आमिष, खाली सोडून वरखाली हलवायचं) एवढं दादाने यूट्यूबवर बघून ठेवलेलं.

तीन दिवस गेलो. पहाटे पाचला उठून. फिश फाइंडरवर (आवाजाच्या लहरींनी पाण्याखालचं दाखवणारा स्क्रीन) ७५ ते ८० फुटांवर मासे स्पष्ट दिसायचे, कमानीसारखे, आणि दादाच्या म्हणण्याप्रमाणे ते लेक ट्राउटच. मी जिग सोडायचो, वरखाली करायचो, हात दुखेपर्यंत केलं. दादाला एक लागला तो वर येता येता सुटला, मला तीन दिवसांत शून्य. एकदा तळाला अडकला आणि मला वाटलं मोठा लागला, तेवढाच काय तो आनंद.

मी तसा अगदीच नवखा नाहीये, लहानपणापासून खडकवासल्याच्या बॅकवॉटरला बांबूची काठी आणि गांडूळ घेऊन चिलापी काढल्यात, नंतर रॉड घेतला, मरळ पण धरलीये. पण ते सगळं काठावरून आणि फार तर सात-आठ फूट पाण्यात. आता यंदा परत जातोय, ऑगस्टचा दुसरा आठवडा. प्रश्न असा की जिग कुठला घ्यावा, कलर कुठला, किती ग्रॅमचा? पांढरा ट्यूब (रबरी नळीसारखा जिग) चांगला असं सगळीकडे लिहिलंय पण गेल्या वर्षी पांढराच होता, १० ग्रॅमचा. इथून नेऊ का तिकडेच घेऊ? बजेट दोन-तीन हजार.

खवचट_पेठकर:
पहिली गोष्ट, लेक ट्राउट हा ट्राउट नाही. तो चार आहे. आकडा नव्हे, माशाची जात, सॅल्व्हेलिनस. ट्राउटच्या अंगाचा रंग फिका आणि ठिपके गडद असतात, चारचं उलटं, अंग गडद आणि ठिपके फिके. नाव चुकीचं पडलं आणि तसंच राहिलं, आपल्याकडे शनिवारवाडा जसा रविवारी पण शनिवारवाडाच असतो तसं.

दुसरी गोष्ट, दीड लाखाचं तिकीट काढून तीन दिवसांत शून्य मासे. गणेश पेठेत सकाळी गेलं तर पिशवी भरून मिळतात, रिक्षा धरून दोनशे रुपयांत काम होतं.

हर्णैचा_जिगर:
पेठकर, त्याला मासा नकोय, मासा लागलेला हवाय, दोन्हीत फरक आहे :)

सिंहगडरोडकर, मी राहतो वारज्यात पण महिन्यातून एकदा कोकणात जाऊन बोटीवरून जिगिंग करतो, तुमचा १० ग्रॅमचा जिग ऐकूनच मला हसू आलं, माफ करा. ८० फुटांत १० ग्रॅम म्हणजे जिग खाली पोचेपर्यंत चहा होतो. आम्ही तेवढ्या पाण्यात ४०-६० सर्रास वापरतो. आणि लाइन कुठली होती ते लिहिलं नाहीत. नायलॉनची असेल तर विषय संपला, ८० फूट नायलॉन रबरासारखं ताणतं, तुम्ही वर फूटभर झटका दिलात तर खाली जिग जेमतेम हलतो आणि मासा चावला तरी हाताला कळत नाही. ब्रेड घ्या, म्हणजे विणलेली, न ताणणारी लाइन, १५ पौंडी पुरे, पुढे पाच-सहा फूट फ्लोरोकार्बनची पारदर्शक लाइन. जोडायला एफजी नॉट नावाची गाठ शिका, रॉडच्या कड्यांमधून सरसर जाते. सुरुवातीला दहा वेळा सुटेल, अकराव्यांदा बसते.

सिंहगडरोडकर:
नायलॉनच होती. दादाच्या गॅरेजमधली, किती जुनी देव जाणे. रीलवरून स्प्रिंगसारखी यायची.

थंडपाणी:
मूळचा एरंडवण्याचा, गेली १४ वर्षं मिनेसोटात. लेक ट्राउट हा माझा आजार आहे त्यामुळे लांबण लागेल, आधीच सांगतो.

जिगच्या कलरवर तुम्ही एक पैसा जास्त खर्च करू नका. तुमचा प्रश्न जिगचा नाहीच. मला आधी तीन गोष्टी सांगा. बोटीत तुम्ही कुठे बसायचात? फिश फाइंडरचा ट्रान्सड्यूसर, म्हणजे पाण्यातला सेन्सर, कुठे लावला होता? आणि बोट उभी कशी ठेवायचात, नांगर टाकून, का मोटर बंद करून वाऱ्यावर सोडून?

सिंहगडरोडकर:
मी पुढे, टोकाला. दादा मागे मोटरपाशी, स्क्रीन त्याच्याकडे, तो मला सांगायचा "आला आला, तुझ्या खाली आहे". ट्रान्सड्यूसर मागेच, मोटरच्या शेजारी क्लॅम्पने लावलेला. बोट वाऱ्यावर सोडायचो, फार वारा नसायचा. नांगर ८० फुटांत पुरलाच नाही.

थंडपाणी:
झालं. मिळालं उत्तर.

थोडं गणित करू. साध्या फिश फाइंडरचा बीम साधारण २० अंशांचा असतो, म्हणजे शंकूसारखा खाली पसरत जातो. ८० फुटांवर त्या शंकूचा घेर साधारण २८ फूट रुंद, म्हणजे ट्रान्सड्यूसरच्या बरोबर खालच्या बिंदूपासून कुठल्याही बाजूला १४ फूट. स्क्रीनवर जे दिसतं ते फक्त एवढ्यातलं. आता तुम्ही बसलात पुढे, ट्रान्सड्यूसरपासून दहा-अकरा फूट लांब. म्हणजे बोट दगडासारखी स्थिर असती तरी तुमचा जिग शंकूच्या कडेला कसाबसा असता.

पण बोट स्थिर नव्हती. "फार वारा नव्हता" म्हणजे समजा ताशी एक किलोमीटरने सरकत होती, ते डोळ्याला दिसत पण नाही. म्हणजे सेकंदाला २८ सेंटिमीटर. चांगला वजनदार जिग ८० फूट जायला २४-२५ सेकंद घेतो असं धरा, तुमचा १० ग्रॅमवाला नायलॉन ओढत जाणार म्हणजे मिनिटभर तरी. २५ सेकंदांत बोट २२ फूट पुढे गेली. मिनिटभरात पंचावन्न फूट. दादा जे मासे दाखवत होता ते तुमच्या जिगपासून एक टेम्पो मावेल इतक्या अंतरावर होते, आणि तुम्ही लाइन तिरकी लोंबत असताना हात वरखाली करत होतात. तीन दिवस. माशाला कळलं पण नसेल की पुण्याहून कोणी आलंय.

स्क्रीनवर वरून खाली जाणारी तिरकी रेघ दिसायची का? ती दिसत असेल तर ती दादाच्या जिगची, कारण तो ट्रान्सड्यूसरच्या शेजारी बसला होता. म्हणून त्याला एक लागला.

सिंहगडरोडकर:
दिसायची. आम्ही दोघं समजत होतो ती माझी आहे. दादा म्हणायचा बघ तुझा जिग बरोबर माशासमोर आहे, हलव.

खवचट_पेठकर:
मोठे भाऊ असतातच असे.

थंडपाणी:
:) तर आता काय करायचं. यंदा तुम्ही मागे बसा, ट्रान्सड्यूसरपासून हाताच्या अंतरावर. जिग सोडला की स्क्रीनवर तुमची रेघ खाली जाताना दिसली पाहिजे. नाही दिसली तर वर घ्या, बोट फिरवा, परत सोडा, वरखाली करत बसू नका. वजन २८ ग्रॅमपासून सुरुवात करा, वारा असेल तर ४० पर्यंत जा. ट्यूब चार इंची, पांढरा चालेल, तिकडेच घ्या, पुण्याहून शिशाचे गोळे बॅगेत घालून नेण्यात अर्थ नाही. एक लक्षात ठेवा, कॅनडाच्या नॅशनल पार्कमध्ये ५० ग्रॅमच्या आतलं शिसं जवळ बाळगायलाच बंदी आहे, तुमचं कॉटेज तिथे नाही पण फिरत फिरत गेलात तर टॅकल बॉक्स गाडीत राहतो म्हणून सांगितलं.

आता मासा. लेक ट्राउटला थंड पाणी लागतं, साधारण १० अंश सेल्सिअसच्या आसपास त्याला बरं वाटतं आणि ऑक्सिजन पण भरपूर लागतो. ऑगस्टात वरचं पाणी २२-२३ अंश असतं, पोरं पोहत असतात, आणि तीस-चाळीस फूट खाली गेलं की एकदम थंड होतं. त्या थराच्या खाली हा राहतो. वर येतो तो फक्त काहीतरी पाठलाग करत. आणि तिथेच मजा आहे. हा मासा उत्सुक असतो. जिग तळापर्यंत जाऊ द्या, दोन-तीन वेळा उचला, आणि स्क्रीनवर एक जाड रेघ तुमच्या रेघेच्या दिशेने वर यायला लागली की रील करायला लागा. सरळ, न थांबता. इथेच सगळे चुकतात, मासा जवळ आला म्हणून थांबतात, "घे बाबा" म्हणून जिग त्याच्या तोंडासमोर धरतात. रात्री कोथरूडच्या गल्लीत स्कूटरमागे कुत्रं लागतं ना, स्कूटर थांबली की तेही थांबतं, इकडे तिकडे बघतं, त्यालाच कळत नाही आता करायचं काय. तसंच. पळत राहा. मासा वेग वाढवतो, तुम्ही पण वाढवा, कधी कधी चाळीस फूट वर येऊन मारतो. आणि मारला की हात खांद्यातून निखळतो.

भोईवाड्याचा:
वरचं गणित वाचून मजा आली, आमच्या घरी हे गणित कोणी मांडलं नाही पण आजोबा एक गोष्ट कायम सांगायचे, होडीत दोघं असतील तर एकाने वल्हं धरायचं आणि एकाने गळ. दोघांनी गळ टाकला की होडी वाऱ्याची. आम्ही धरणावर जाळं लावतो, आता ठेक्याचं पाणी आहे त्यामुळे आधीसारखं राहिलं नाही, पण वल्ह्यावरचा माणूस जाळं टाकणाऱ्यापेक्षा जास्त शहाणा लागतो हे अजून तसंच आहे.

तुमच्या बोटीत वल्ही असतीलच. मोटर बंद. दादाला वल्ह्यावर बसवा, तोंड वाऱ्याकडे, आणि काम एकच, तुमची दोरी पाण्यात सरळ उभी दिसली पाहिजे. दोरी तिरकी झाली की ज्या बाजूला गेली त्या बाजूला एक वल्हं मारायचं. बघायचं दोरीकडे, स्क्रीनकडे नाही. तासाभराने अदलाबदल करा नाहीतर भांडणं होतात.

वारा जास्त असेल तर दोन प्लास्टिकच्या बादल्या दोरीला बांधून पुढच्या बाजूने पाण्यात सोडा, होडीचा वेग निम्म्यावर येतो. बादलीची कडी लोखंडी बघून घ्या, प्लास्टिकची कडी पहिल्याच लाटेला तुटते, माझी पानशेतला गेलीये एक, निळी होती.

हर्णैचा_जिगर:
बादलीचं भारी आहे, दुकानात ड्रिफ्ट सॉक म्हणून कापडाची छत्री विकतात, काम तेच.

थंडपाणी:
भोईवाड्याच्या दादांनी जे लिहिलं ते माझ्या सगळ्या पोस्टपेक्षा कामाचं आहे. एक भर घालतो. मोटर रिव्हर्सला टाकून बोट वाऱ्यात धरायची पद्धत व्हिडिओत दिसेल, मागची बाजू वाऱ्याकडे करून. १४ फुटी बोटीची मागची फळी बुटकी असते, लाट आली की सरळ आत. शांत पाण्यात ठीक आहे, पांढरे फेस दिसायला लागले की करू नका. लाइफ जॅकेट सीटखाली ठेवायचं नाही, घालायचं. शिट्टी, पाणी उपसायला भांडं आणि १५ मीटरची तरंगणारी दोरी बोटीत असावीच लागते, तपासतात. मोटर चालवणाऱ्याकडे ऑपरेटर कार्ड लागतं, बोट भाड्याची असेल तर मालक चेकलिस्ट भरून देतो ती जवळ ठेवा. आणि फिशिंग लायसन्स परदेशी पाहुण्याचं वेगळं असतं, ऑनलाइन निघतं, दादाच्या लायसन्सवर तुमचं भागत नाही. तुमच्या झोनचे नियम वाचा, दिवसाला किती ठेवायचे हे झोनप्रमाणे बदलतं, आणि शरद ऋतूत हा मासा खडकाळ उथळ जागी अंडी घालतो म्हणून बऱ्याच ठिकाणी त्या काळात बंदी असते. ऑगस्टात तुम्हाला अडचण नाही.

सिंहगडरोडकर:
खूप खूप धन्यवाद सगळ्यांना, मला वाटलं होतं कोणीतरी दोन जिगची नावं लिहील आणि संपेल.

एक उद्योग केला आज. ८० फूट म्हणजे नक्की किती ते डोळ्यासमोर येईना म्हणून सकाळी साडेपाचला आठव्या मजल्यावरच्या आमच्या बाल्कनीतून ट्रायल घेतली. गळ कटरने तोडून टाकला, आधी १० ग्रॅमचा जुना जिग नायलॉनवर सोडला, खाली पार्किंगपर्यंत. वर फूटभर झटका दिला, खाली वॉचमन काका उभे होते त्यांना सांगितलं होतं हलला की हात वर करा. पाच झटक्यांत एकदा हात वर. मग ब्रेड आणि २८ ग्रॅम. प्रत्येक झटक्याला हात वर, आणि काकांनी खालून दोन बोटांनी जिग हळूच ओढला तो मला वर टिचकी मारल्यासारखा कळला. हवेत आणि पाण्यात फरक आहे मान्य, पण गेल्या वर्षी मी आंधळा होतो एवढं नक्की. सहाव्या मजल्यावरच्या काकू सूर्याला पाणी द्यायला बाहेर आल्या आणि त्यांच्या तोंडासमोरून पांढरा रबरी मासा वर गेला. सोसायटीच्या ग्रुपवर विषय निघालाय.

खवचट_पेठकर:
हा धागा आता वाचण्यासारखा झाला.

खाण्याचं कोणी बोलतच नाही. लागला तर काय करणार? माझ्या वाचनाप्रमाणे हा मासा अतिशय सावकाश वाढतो आणि वीस वर्षांपेक्षा जास्त पण जगतो. म्हणजे मोठा तेवढा म्हातारा, आणि म्हाताऱ्या शिकारी माशात पारा साठलेला असतो. ऑन्टारिओ सरकार तलावानुसार कुठल्या लांबीचा मासा महिन्यातून किती वेळा खावा याचा तक्ता काढतं. पोरांना आणि गरोदर बाईला वाढण्याआधी तो बघा. छोटा असेल तर तेलकट मासा आहे, धुरावर चांगला लागतो म्हणतात. आपल्या पद्धतीने तिखट-मीठ-हळद लावून तव्यावर टाकलात तर तेल घालायची गरज पडणार नाही.

थंडपाणी:
पेठकरांशी पहिल्यांदा सहमत, नोंद घ्यावी. आमच्या लेक सुपीरियरमध्ये १९४०-५० च्या दशकांत समुद्री लॅम्प्रे घुसला, माशाला चिकटून रक्त पिणारा, त्याने आणि बेसुमार मासेमारीने हा मासा जवळजवळ संपवला होता. १९५८ पासून लॅम्प्रेची पिल्लं मारणारं औषध नद्यांत सोडायला लागले आणि वर्षानुवर्षं लेक ट्राउटची पिल्लं सोडली तेव्हा कुठे परत आला. त्यामुळे मी मोठे सगळे सोडतो.

सोडायचा असेल तर एक बघण्यासारखं आहे. मासा वर यायला लागला की त्याच्याआधी पाण्यावर बुडबुडे येतात. याच्या हवेच्या पिशवीतून घशाकडे नळी असते, वर येताना तो ढेकर देत हवा सोडतो. बऱ्याच माशांना हे जमत नाही, खोलातून काढले की ते फुगून वर तरंगतात. हा परत खाली जाऊ शकतो. पण ऑगस्टात वरचं पाणी त्याला गरम पडतं, त्यामुळे फोटोसाठी दहा मिनिटं खेळवू नका, जाळीतच पाण्यात ठेवून गळ काढा, बिनकाट्याचा असेल तर एका क्षणात निघतो, आणि डोकं खाली करून सोडा.

सिंहगडरोडकर:
(ऑगस्ट, कॉटेजवरून. नेट एका झाडाखालीच येतं, मच्छर प्रचंड आहेत, त्यामुळे थोडक्यात.)

पहिला दिवस वारा, बादल्या लावल्या तरी दोरी तिरकी, एक मागे लागला, मी सवयीने थांबलो, तो पण थांबला. स्कूटर आठवली आणि स्वतःला दोन शिव्या दिल्या.

दुसरा दिवस, आज. पाणी तेलासारखं. दादा वल्ह्यावर, कुरकुरत. जिग तळाला गेला, तीन वेळा उचलला, तळापासून एक जाड रेघ सुटली आणि वर यायला लागली. मी रील करत सुटलो, ७०, ६०, ५०, दादा ओरडतोय थांब थांब, मी नाही थांबलो. ४५ वर बसला. मग पाच-सहा मिनिटं फक्त खाली डोकं मारत होता, झुंज वगैरे नाही, बादलीत वाळू भरून कोणी खाली ओढतंय तसं. आणि मग बुडबुडे. एकदम पसाभर, बोटीच्या शेजारी. दादाला वाटलं बोटीला भोक पडलं, त्याने खाली बघितलं.

जाळीतच मोजला, ६१ सेंटिमीटर. अंगावर सगळीकडे पिवळट पांढरे ठिपके, शेपटीला खोल खाच. पेठकर, ठिपके फिकेच होते. सोडला. क्षणभर तसाच राहिला हातात, थंडगार, वरचं पाणी कोमट आणि मासा फ्रीजमधून काढल्यासारखा, आणि मग एका झटक्यात गेला.

वहिनीने तव्याचा मसाला तयार ठेवला होता, तिला काय सांगायचं ते ठरलं नाहीये अजून. उद्या मी वल्ह्यावर.

भोईवाड्याचा:
बादलीची कडी टिकली का?

सिंहगडरोडकर:
एक गेली. प्लास्टिकची होती.